एकवीस थेंबांची कुपी

मी एक जुनी काचेची कुपी आहे, अंगठ्याएवढी, आणि मित्रांनो, माझं कुणाशी फारसं पटत नाही. दातांच्या दवाखान्यात, वेटिंग रूममधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली माझा मुक्काम. टाकीत जिवंत प्रवाळ आहे. ते आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियमने बांधतं, आणि ते कॅल्शियम किती उरलं हे मोजणं माझं काम.

माझ्यात टाकीचं पाणी घ्यायचं, भुकटी टाकून गुलाबी करायचं, मग औषध थेंबाथेंबाने सोडायचं. एकवीस थेंबांनी पाणी निळं झालं तर ठीक. आधीच झालं तर कॅल्शियम कमी.

मोठ्या डॉक्टरांनी हे पंधरा वर्षं केलं. आणलं तेव्हा नखाएवढं असलेलं प्रवाळ त्यांनी ताटाएवढं वाढवलं. सकाळी ते कॅल्शियमचं पाणी ओतत आणि संध्याकाळी सोड्याचं, कारण प्रवाळाला दोन्ही लागतं. मला तीनदा विसळून पालथी ठेवत. “ही कधी खोटं बोलत नाही,” असं पेशंटना सांगत. मी तेव्हा फुगून जात असे.

ते गेले. त्यांचे दोन मुलगे, दोघेही दातांचेच डॉक्टर, वाटण्या करायला बसले. खुर्च्या वाटल्या, कपाटं वाटली, शेवटी टाकीच्या बाटल्याही वाटल्या. कॅल्शियम थोरल्याकडे गेलं, सोडा धाकट्याकडे. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

एकाला टाकीपाशी एकटं सोडायला दुसरा तयार नव्हता. म्हणून दोघेही सकाळी पावणेनऊला यायचे आणि एकाच कोपऱ्यात एकदमच ओतायचे. निरोप जायचे रिसेप्शनवरच्या मावशींमार्फत.

“मावशी, त्याला सांगा, सतरा थेंबांतच निळं झालं. सोडा बेताने टाक म्हणावं.”

“मावशी, त्याला सांगा, स्वतःचा हात आखडता आणि शहाणपण मला शिकवतोय.”

“अरे, दोन हातांवर उभे आहात. ऐकू येतंय दोघांना,” मावशी म्हणायच्या.

मग दोघेही हट्टाला पेटून जास्त जास्त ओतू लागले. सतराचे पंधरा झाले. तळाशी पांढरी पूड साचली, प्रवाळाची टोकं मेली. मला विसळणं तर केव्हाच सुटलं होतं. शिकलेसवरलेले दोन गाढव माझ्यात डोकावून एकमेकांना दोष देत, तेव्हा फुटून त्यांच्या बोटांत घुसावं असं मला वाटे.

एके सकाळी थोरला म्हणाला, “मावशी, त्याला सांगा, बाबांचं प्रवाळ त्याने मारलं.”

मावशी उठल्या. दोघांच्या हातांतून बाटल्या काढून घेतल्या आणि दोन्हींतलं थोडं थोडं माझ्यात ओतलं. क्षणात माझ्या पोटात दुधासारखं पांढरं झालं आणि तळाशी गाळ बसला.

“बघा. डॉक्टर उगीच दोन वेळा ओतत नव्हते. तुम्ही दोघं मिळून रोज चुना करताय. प्रवाळाने खायचं काय?”

दोघांनीही वाकून माझ्यातला गाळ पाहिला. मग धाकटा म्हणाला, “मावशी, त्याला सांगा, सोडा मी संध्याकाळी टाकीन.”

“त्याला सांगा, मी समोर उभा राहणार.”

“मग सकाळी मीही राहणार.”

मावशींनी मला व्हिनेगरने घासलं. गेले चार महिने एक जण ओततो आणि दुसरा हाताची घडी घालून पहारा देतो. मोजताना थोरला थेंब सोडतो, धाकटा विश्वास नाही म्हणून मोठ्याने मोजतो. काल एकवीस भरले. प्रवाळाचा अर्धा भाग गेला तो गेलाच, उरलेल्याला नवी टोकं फुटली आहेत. भाऊ अजून बोलत नाहीत.

मित्रांनो, एकमेकांवर माया करा असं मी सांगणार नाही, मला स्वतःलाच ते जमत नाही. पण एखादा जीव दोघांच्या हवाली असेल, तर दुसऱ्याने काय ओतलं ते आधी विचारा. भांडायला नंतर वेळ मिळतो.