अर्ध्या सेकंदाचा उशीर

सहा सामन्यांत फक्त चार ट्राय, म्हणजे चारदाच चेंडू गोलरेषेपार. मंगळवारी संध्याकाळी सरावाआधी आम्ही सगळे चहाचे मग घेऊन क्लबहाऊसमध्ये पडद्यासमोर बसलो, तेव्हा हेपवर्थ कोचनी फळ्यावर तेवढंच लिहिलं आणि विचारलं, "बोला, आपलं आक्रमण कुठं अडतंय?"

कारणं भरपूर निघाली. रग्बी लीगवर मत नाही असा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. कुणी मैदानाच्या उताराला बोल लावला, कुणी पंचांना. "कडेच्या विंगरकडं चेंडूच जात नाही, तो बिचारा उभ्या उभ्या गारठून मरेल एखाद्या दिवशी," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो असेन.

मला कारण माहीत होतं. मी हुकर. आमचा गडी पाडला गेला की तो पायानं चेंडू मागं सरकवतो, मी तो उचलून रीसला देतो आणि चाल कुठली हे रीस ओरडून सांगतो. चालींना इथल्या बंद पडलेल्या खाणींची नावं आहेत. 'लेडी ॲन' म्हणजे डावीकडं, 'पाच नंबर' म्हणजे उजवीकडून आत. मार्चपासून रीस आधी माझ्याकडं बघतो. मी ओठांतल्या ओठांत नाव सांगतो, तो ते ओरडतो, मग मी चेंडू सोडतो. तोवर समोरच्या संघाची बचावफळी येऊन उभी असते. बारा वर्षं एकत्र खेळलोय, एवढं तर करायलाच हवं, असं मला सुरुवातीला वाटायचं. पुढं पुढं काही वाटेनासंच झालं.

मार्चमध्ये त्याच्या डोक्याला एकाचा गुडघा लागला होता. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर त्याची चाचणी घेतली, जानेवारीच्या आकड्यांशी ताडून पाहिली. सारखी आली. येणारच. जानेवारीत हंगामाआधी आम्ही ती चाचणी मुद्दाम बिघडवतो. दोन-चार शब्द विसरल्याचं नाटक करायचं, बटण जरा उशिरा दाबायचं. मग नंतर डोकं आपटलं तरी फरक दिसत नाही आणि घरी बसावं लागत नाही. मला हे माझ्या आधीच्या हुकरनं शिकवलं, रीसला मी. आणि हा रीस आठवडाभर शिडीवर चढून लोकांच्या छपरांवर कौलं बसवतो.

कोचनी पडद्यावर चित्र थांबवलं. चेंडू हातात घेऊन मी वाकलेलो.

"घड्याळ लावून बघितलंय मी, क्लिफ. चेंडू तुझ्याकडं अर्धा सेकंद जास्त राहतोय. वय झालं लेका तुझं. शनिवारी बाहेर बस."

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की शनिवारी रीस दुसऱ्याच कुणाकडं तरी बघेल, त्याला कुणी काही सांगणार नाही आणि तो तसाच उभा राहील. शेवटी फळी त्याच्या अंगावर येईल. मी रीसकडं पाहिलं. तो मगात बघत बसला होता.

"उशीर माझा नाही," मी म्हणालो. "मी त्याला चालीचं नाव सांगत असतो."

"कुणाला?"

"रीसला. त्याला आठवत नाहीत."

"काहीतरी बरळू नकोस. त्याची चाचणी मी स्वतः बघितलीय. जानेवारीत बाकीच्यांएवढीच आली होती, तश्शीच आहे."

"जानेवारीतली खोटी होती, कोच. इथं सगळेच करतात. त्याला मीच शिकवलंय."

दोघा-तिघांनी चहाचे मग तोंडाला लावले. बारा वर्षांची दोस्ती मी सगळ्यांसमोर मोडली होती आणि माझे हात मात्र अगदी स्थिर होते.

"यंदा नाही, क्लिफ," रीस म्हणाला.

"यंदा काय नाही?"

"यंदा मी काही बिघडवलं नव्हतं. हिवाळ्यात एकदोनदा घरचा रस्ता चुकलो, तेव्हा बायको म्हणाली, एकदा खरं काय ते कळू दे तरी. म्हणून जानेवारीत सगळी चाचणी नीट लक्ष देऊन सोडवली."

कोच खुर्चीत बसले. रीसनं त्यांच्याकडं पाहिलं.

"बरी सोडवली होती ना, कोच?"