वरच्या खाचरांची चौकशी

शगुफ्ता तिसऱ्यांदा विंझरला आली, तेव्हा साळूबाईंनी तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

शगुफ्ता भोरची. तिचे वडील इस्माईल यांचं कापूरहोळला वेल्डिंगचं दुकान. तिथंच तिनं पायानं चालवायचं भातमळणीचं यंत्र बनवलं होतं. बचत गटांना ते वापरायला द्यायचं, असा तिचा बेत. पण ते कसं असावं हे भात झोडणाऱ्या बायकांनीच सांगावं, म्हणून ती विचारत फिरत होती.

साळूबाई विंझरच्या गटाच्या अध्यक्षा. खाचरं कुठं आहेत आणि कुणाच्या नावावर, हेही शगुफ्ता विचारायची. दोन्ही खेपांना साळूबाईंचं उत्तर एकच. "डोंगराकडं आमचं भात न्हाई. समदं रस्त्याकडंला." बाकीच्या बायका मान डोलवायच्या आणि एकमेकींकडं बघायच्या.

आज तिनं वही उघडताच साळूबाईंनी हात पुढं केला.

"दोन बारी लिवून नेलंस. काय लिवलंस ते आमाला बी कळू दे."

शगुफ्तानं वही छातीशी धरली. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. शेवटी तिनं ती दिली. साळूबाईंनी ती सुनेच्या, मंगलच्या हातात ठेवली. "वाच. मोठ्यानं."

मंगल अडखळत वाचू लागली. "साळूबाई म्हणतात, वर भात नाही. पण आज वरच्या पायवाटेनं बायका भाताचे भारे घेऊन उतरताना दिसल्या. या खोटं बोलतात. का, ते कळत नाही. कदाचित मी मुसलमान आहे म्हणून."

शगुफ्ताचे कान तापले.

"खोटं बोललो, ते खरं हाय," साळूबाई म्हणाल्या. "पर तू म्हनतीस त्यापायी न्हाई."

गेल्या वर्षी एक माणूस असाच रजिस्टर घेऊन आला होता. गावासाठी गोदाम बांधायचंय म्हणाला. कुणाचं खाचर कुठं, सातबाऱ्यावर नाव कुणाचं, मालक पुण्यात असतो का, सगळं लिहून घेतलं. गोदाम झालंच नाही. चार महिन्यांनी पुण्यातल्या मालकांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि वरच्या वाटेवर तारेचं कुंपण आलं. गटातल्या चंद्राबाईंना आता स्वतःच्या खाचरात जायला मोठा वळसा पडतो.

"मावशी, यंत्र किती लांब उचलून न्यायचं, एवढंच मला हवंय."

"मग तेवढंच इचार. कुनाचं हाय, ते कशाला?"

यंत्रासाठी मदत देणाऱ्या संस्थेच्या अर्जात तसा रकाना होता, म्हणून शगुफ्ता विचारत होती. तो कशासाठी आहे, हे तिनं संस्थेला कधी विचारलंच नव्हतं. रस्त्याकडच्या खाचरांच्या मालकांची नावं लिहिलेली पानं तिनं फाडून दिली. साळूबाईंनी ती तिथल्या तिथं चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी शगुफ्तानं यंत्र आणलं आणि सगळ्याजणी ते घेऊन वर गेल्या. अरुंद वाटेवर ते दोनदा तारेत अडकलं. पाय मारायचा पायटा उंच पडतो, असं चंद्राबाईंनी सांगितलं. मंगलचा पदर फिरत्या दातांजवळ गेला, तेव्हा शगुफ्तानंच घाबरून चाक धरलं. आठ दिवसांत इस्माईलभाईंनी सांगाडा दोनदा कापून जोडला. पायटा खाली आला, दातांवर पत्र्याचं झाकण बसलं, खांद्यावर घ्यायला दोन दांडे लागले. मग चंद्राबाईंचं भात दुपारपर्यंत मळून झालं.

रिकाम्या रकान्यांबद्दल संस्थेचा फोन आला. ते रिकामेच राहतील, असं शगुफ्तानं सांगितलं.

पुढं वरवे बुद्रुकच्या बायकांनी तिला बोलावलं. साळूबाईंनी मंगललाही सोबत धाडलं. शगुफ्तानं स्कूटर सुरू केली, पण मंगल लगेच मागं बसली नाही.

"ताई, तितं काय काय इचारनार, ते आधी मला सांगा."