काळे की लाल

"नीट बघा ना रंगुबाई. काळे की लाल?"

रंगुबाईने तळहातावरचं जर्बिल खिडकीशी धरलं. मेजरसाहेबांच्या शोभाला तिच्या काकांनी परदेशातून गोंडेदार शेपटीच्या या उंदरांची जोडी आणून दिली होती आणि आता त्यांना तीन पिल्लं झाली होती. सावलीत सगळ्यांचे डोळे काळेच दिसतात. उजेड बाजूने पडला की एखाद्याचे लाल चमकतात. शोभा ते वहीत टिपून ठेवी.

"काळंच हाय, ताई."

हे तिसरं उत्तर चुकलं. शोभा वही घेऊन सरळ आईकडे गेली. भिंगारच्या त्या बंगल्यात कामाला लागल्यापासून वर्षभर रंगुबाईने आपल्याला नीट दिसत नाही याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तांदळातले खडे बोटांनी वेचले, पिल्लं शेपटी चाचपून ओळखली, माणसं पावलांवरून. काम गेलं की मागची खोलीही जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती या दहा वर्षांच्या पोरीने उंदराच्या डोळ्यांवरून उघडली.

संध्याकाळी तिने आपणहून गाठोडं बांधलं. तेवढ्यात शोभाची आई, सुमेधाबाई, दारात आल्या.

"ते गाठोडं सोडा आधी. मोतीबिंदू असणार. सोमवारी मी घेऊन जाते तुम्हाला दवाखान्यात."

रंगुबाईला हुंदका आवरेना.

ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधून ती नेवाशाला बहिणीकडे राहिली. दीड महिन्याने जाड भिंगाचा चष्मा लावून परतली, तर बंगल्यात नवे साहेब आलेले. मेजरसाहेबांची बदली झाली होती, माळी गोरक्षनाथने सांगितलं. पण सुमेधाबाई नव्या बाईंना बजावून गेल्या होत्या, की काम रंगुबाईंचंच आणि खोलीही त्यांचीच.

खोलीत एक पिंजरा होता, आत जर्बिलाचं एक पिल्लू.

"पोरगी लई रडली," गोरक्षनाथ म्हणाला. "म्हनली, ह्ये रंगुबाईलाच द्या. उजेडात बघाया सांगा."

तिने पिल्लू दारातल्या उन्हाकडे आडवं धरलं. डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता.

"व्हय गं ताई, लालच हाय."

त्या मायलेकींचे उपकार कसे फेडावेत, तिला कळेना. वर्षभर तिने शोभाची वेणी घातली होती. तिचे डोळे काळे होते की घारे, ते मात्र रंगुबाईला कधी दिसलंच नव्हतं.