डाव्या हाताच्या चार मात्रा

“ताल सुटलाच कसा तुझा? वर्षभर काय झोपा काढल्यास?” परीक्षकांची पाठ वळताच नृत्यवर्गाचे सर टिचकीवर कडाडले.

टिचकी ही वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी. ती मान खाली घालून बुटांच्या फिती सोडत बसली. पियानोवरच्या मावशींनी झाकण लावलं, पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

ताल खरं तर मावशींचा सुटला होता. परीक्षेच्या तुकड्यात एका जागी उजवा हात थांबतो, चार मात्रा सगळी चाल डाव्यावर येते आणि त्यावर मुलीनं गिरकी घ्यायची असते. मावशींच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी पहिल्यापासून कच्ची. सव्वीस वर्षं त्या दोन बोटांचे सूर गुपचूप उजव्या हातानं वाजवून त्यांनी वेळ मारून नेली होती. त्या दिवशी परीक्षकांनी लय वाढवायला लावली आणि ती चलाखी जमली नाही. दोन सूर गळले. टिचकी पडली, नापास झाली.

घरी येऊन मावशींनी डाव्या हाताच्या अभ्यासाचं पुस्तक शोधून काढलं. लहानपणी त्यांच्या पियानोच्या बाईंनी दिलेलं. पहिल्या तीन पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, पुढची कोरी करकरीत. रोज सकाळी त्या उजवा हात मांडीखाली दाबून बसू लागल्या. मनगट भरून यायचं.

“या वयात हे काय खूळ?” नवऱ्यानं विचारलं. त्यांनी उजवा हात पुन्हा मांडीखाली दाबला. बोटांना जोर यायला वर्ष लागलं असतं. फेरपरीक्षा महिन्यावर आली होती.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी टिचकीला जिन्यात गाठलं.

“त्या दिवशी चूक माझी होती गं.”

“माहितीये. ऐकू आलं मला.”

“मग सरांना बोलली का नाहीस?”

टिचकी कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिली. “तुम्हाला काढून टाकलं असतं ना त्यांनी.”

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तशाच वर वर्गात गेल्या आणि सगळ्या मुलींसमोर सरांना खरं काय ते सांगितलं.

“परीक्षेला दुसरं कुणीतरी बघतो,” सर म्हणाले.

“बघा. पण पानं उलटायला मी येते. त्या संगीताच्या प्रतीतली पानं चिकटतात.”

फेरपरीक्षेला एक तरुण बाई वाजवायला बसली. मावशी तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्या चार मात्रा आल्या. तिचा डावा हात सहज, पाण्यासारखा सरकत गेला. मावशींनी मान वळवून मागे पाहिलं. इतकी वर्षं पियानो भिंतीकडे तोंड करून होता. नाच त्यांच्या पाठीमागेच होत आला होता. समोर टिचकी गिरकी घेत होती, ताठ मानेनं, एका पायावर.

मावशींनी पान वेळेवर उलटलं.