सड्यावरचा न दिसणारा कॅफे

पाटणच्या वरच्या अंगाला पवनचक्क्यांची रांग संपली की घोटेवाडीचा सडा लागतो. डोंगरमाथ्यावरचं हे खडकाळ पठार चालता चालता एकाएकी तुटतं आणि खाली सरळ दरी. पावसाळ्यात दरीतून वारा असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी अर्ध्यातून माघारी फिरतं आणि बघणाऱ्यांच्या तोंडावर येतं. हे तोंड ओलं करून घ्यायला लोक गाड्या भरभरून येऊ लागले, तेव्हा गावच्या पर्यटन समितीनं तिथं 'सस्टेनेबल कॅफे' उभारायचं ठरवलं. काम आलं साताऱ्याच्या रुमाना मुल्लाकडे.

रुमाना मूळची रहिमतपूरची, शिकली पुण्यात. आर्किटेक्ट म्हणून साताऱ्यात तिनं आजवर बंगलेच बांधले होते, आणि प्रत्येक मालकाला शेजाऱ्यापेक्षा एक खांब जास्त हवा असायचा. त्यामुळे सड्याचं काम मिळालं तेव्हा ती हरखून गेली. भर पावसात ती वर जाऊन बसायची. एकदा तिचा नकाशा वाऱ्यानं दरीत नेला आणि थोड्या वेळानं परत वर आणून टाकला. त्या दिवशी तिनं ठरवलं, इथं वाऱ्याशी भांडायचं नाही.

तिचा कॅफे सड्याच्या एका नैसर्गिक खोलगट भागात बसणार होता. भिंती तिथल्याच जांभ्या दगडाच्या, छपरावर माती, मातीवर सड्याचं गवत. वारा डोक्यावरून निघून जाईल आणि दरीच्या बाजूच्या लांबट खिडकीतून बसल्या जागी उलटं पाणी दिसेल. रस्त्यावरून पाहिलं तर तिथं काही बांधलंय असं वाटणारच नाही. हे शेवटचं वाक्य ती बैठकीत फार अभिमानानं बोलली.

समितीचे अध्यक्ष विश्वजीतदादा नुकतेच परदेशी अभ्यासदौरा करून आले होते. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"मॅडम, कॅफे सस्टेनेबल हाय ते तुमास्नी म्हाईत," ते म्हणाले. "गाडीतनं जाणाऱ्याला कसं कळायचं?"

कळण्याची गरज नाही, जागा बिघडू नये हाच हेतू आहे, असं रुमानानं समजावलं. दादांना ते पटलं, पण त्यांच्या मते न बिघडलेली जागा दाखवायलाही काहीतरी बांधावं लागतंच.

समितीत तिच्या बाजूनं एकच माणूस उभा राहिला, निवृत्त सुभेदार केरबा. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं आणि समाधानानं मान हलवली. "ह्यो बंकर हाय," ते म्हणाले. "वरनं बघितलं तरी दुश्मनाला दिसायचा न्हाई. लय भारी." पर्यटक म्हणजे दुश्मन नव्हेत हे सांगायचं रुमानाच्या ओठांवर आलं होतं; पण दुसरं मत मिळायची आशा नव्हती, म्हणून तिनंही मान हलवली.

शेवटी तडजोड झाली. कॅफे तिच्या मनासारखा होईल, पण दादांच्या मनासारखी एक कमान व्हायलाच हवी. सिमेंटचे दोन वडाचे बुंधे, त्यांवर प्लास्टिकची पानं, फांदीवर फायबरचा मोर, खाली डरकाळी फोडणारा वाघ आणि माथ्यावर 'निसर्ग जपा' ही दिव्यांची अक्षरं. रुमानानं एकच अट घातली. कमान रस्त्याच्या वळणावर हवी, कड्यापासून जितकी लांब जाईल तितकी, आणि गाड्याही तिथंच थांबतील. कारण तिनं सांगितलं नाही. आपल्या कॅफेच्या फोटोत तो मोर येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

कमान आधी पूर्ण झाली. कॅफे त्यानंतर, हळूहळू, एकेक दगड घासून.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले आणि त्यांच्याबरोबर धुकंही. कमानीखाली फीत कापली, वाघाजवळ फोटो झाले. मग पाहुण्यांनी कॅफे कुठं आहे म्हणून विचारलं. विश्वजीतदादांनी पांढऱ्याशुभ्र धुक्याकडे हात केला आणि म्हणाले, "साहेब, दिसत न्हाई हेच त्याचं वैशिष्ट्य हाय."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. खाली जाऊन पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही. रुमाना मात्र खाली चुलीजवळ स्वच्छ पुसलेले कप मांडून वाट बघत होती. वर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा तिला कार्यक्रम संपल्याचं कळलं.

पावसाळा रंगात आला आणि गर्दी लोटली, पण कमानीशी. लोक वाघाच्या जबड्यात हात घालून फोटो काढायचे, मोराखाली कणसं खायचे आणि तोंड ओलं न करताच परत जायचे. कॅफे चालवायला घेतलेल्या बचत गटाच्या भामाबाईंनी काही दिवस वाट बघितली आणि एका सकाळी शेगडी, कढई उचलून कमानीशी नेली. रुमानानं फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "गिऱ्हाईक वर, तर आमी खाली कुणाला भजी तळायची, बाई?"

याच सुमारास एका संस्थेनं कॅफेला पारितोषिक दिलं. कचरा नाही, वीज नाही, सांडपाणी नाही. असा कॅफे परीक्षकांनी पाहिला नव्हता. रुमानानं ते घेतलं आणि ऑफिसात भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

गणपती झाल्यावर ती सड्यावर गेली. कमानीजवळच्या गर्दीतून, भज्यांच्या वासातून मान खाली घालून निघाली आणि पायवाटेनं खाली आली. कॅफेत सुभेदार केरबा एकटेच थर्मासमधला चहा पीत बसले होते; आपली चौकी असल्यासारखे. त्यांनी झाकणात तिलाही चहा ओतला.

लांबट खिडकीतून तिनं बाहेर पाहिलं. गेल्या वर्षी ती मापं घ्यायला आली तेव्हा कड्यालगत सगळा चिखल तुडवलेला होता, त्यात प्लेटा, बाटल्या, तुटक्या छत्र्या. आता तिथून कड्यापर्यंत जांभळी फुलं पसरली होती. तिच्या छपरावरचीही त्यांतच मिसळून गेली होती. एक कागदाचा कपटा दिसत नव्हता. हे आपल्या कॅफेनं केलेलं नाही, सिमेंटच्या वाघानं केलंय, हे कळायला तिला घोटभर चहाही लागला नाही. तिला हसू आलं.

"पोरी, काय झालं?" केरबांनी विचारलं.

"काही नाही, काका. दुश्मन वरच थांबला."

"मग? म्हणलं हुतं न्हवं," ते म्हणाले आणि पुन्हा दरीकडे बघत बसले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आटपाडीकडच्या एका गावाचे सरपंच वीरधवल बोलत होते. त्यांच्या माळावर तळं होतं, थंडीत तिथं परदेशी पक्षी उतरायचे, आता माणसंही उतरू लागली होती. त्यांना कॅफे नको होता. घोटेवाडीसारखीच कमान हवी होती, मोरासकट. वाघाच्या जागी हत्ती चालेल का, एवढंच विचारायचं होतं.

रुमानानं एकदा खिडकीबाहेरच्या फुलांकडे पाहिलं. मग पिशवीतून पेन्सिल काढत तिनं विचारलं, "हत्ती चालेल. तळ्यापासून किती लांब नेता येईल?"