जर्मनची पातेली

भैंसा गावच्या बसस्टँडमागं दौलतची भट्टी होती. जुने पिस्टन वितळवून तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांना बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, ओतून द्यायचा आणि आपल्या कामाच्या बढाया चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवायचा. बढाई अगदीच खोटी नव्हती. पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन असतं, त्याचे कडक कण फिरत्या दांड्याचं घासणं सोसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भांड्यांचं ॲल्युमिनियम, म्हणजे जर्मन, मात्र मऊ; तापलं की दांड्यालाच चिकटून बसतं.

तरीही कापसाच्या ऐन हंगामात पिस्टनचं भंगार संपलं, तेव्हा ते आणायला निझामाबादला जायचा या पठ्ठ्यानं आळस केला आणि फुटकी पातेली वितळवून मोकळा झाला. बुश दिसायला तसाच चकचकीत होता.

आठवडाही गेला नाही, जिनातला दांडा जाम झाला. मॅनेजर अमृतरावांनी गाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांसमोर म्हाताऱ्या देवाजीच्या हातातली तेलाची बुधली हिसकावली. "तेल द्यायला ठेवलंय तुला, झोपा काढायला नाही!" उभा जन्म यंत्रांना तेल देण्यात गेलेल्या देवाजीच्या हाती झाडू आला. निरोप मिळाल्यावर धावत आलेला दौलत गर्दीतच होता. तो चपलेनं माती उकरत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तोंड काही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवाजी भट्टीवर आला. फडक्यात बांधलेली पातेली त्यानं सोडून समोर ठेवली.

"बापू, माह्यामुळं तुया कामाले बट्टा लागला. तेल देलं होतं असं वाट्टे, पण वय झालं आता, सांगता येत नाई. तुया काकीनं घरचं जर्मन देलं. याचा नवा बुश ओत. मी सोता नेऊन देतो, मंग अमृतराव बुधली वापस देतीन."

पातेली घासूनपुसून लख्ख केलेली होती. दौलतला त्यांना हात लावायची लाज वाटली. घेतली, तर हाही बुश जाम होणार आणि म्हाताऱ्याची उरलीसुरली अब्रू जाणार.

"काका, भांड्याचा बुश टिकत नाई."

"काऊन? तुले कसं मालूम?"

दौलतचे कान तापले. "मागचा भांड्याचाच होता. तुमी तेल देलं होतं, काका. चूक माही हाये."

देवाजीनं एक पातेलं उचलून परत खाली ठेवलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर दौलतला बरं वाटलं असतं.

"म्हंजे मी इसरलो नवतो," तो हळू म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं. "अमृतराव मले बोलले, तवा तू तठीच होता ना?"

"होतो."

देवाजीनं पातेली पुन्हा फडक्यात बांधली आणि चालू लागला. दौलत त्याच्या मागोमाग जिनाच्या फाटकात गेला. यंत्र बंद असल्यामुळं कालच्याच गाड्या अडून उभ्या होत्या, अमृतराव त्यांच्यापाशीच होते.

"अमृतराव," दौलत पुटपुटला. शेतकरी वळून पाहू लागले. त्यानं पुन्हा हाक मारली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी.