अर्धी हजामत

चाळीस वर्षांत माझ्या कात्रीखालून एकही डोकं वाकडं उठलेलं नाही. डोळे बांधून कापायला सांगा, कल्ले बरोबरीतच येतील. हे मी हॉस्पिटलातल्या थेरपिस्ट मॅडमना ठणकावून सांगितलं, तेव्हा माझ्या सदऱ्याची डावी बाही रिकामी लोंबत होती आणि दाढी नाकाच्या उजवीकडेच झालेली होती.

"काका, दुसरी बाही राहिली."

"कुठली दुसरी?" मी भडकलोच.

तीन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. आता हात चालतात, पाय चालतात, तोंड तर पहिल्यापेक्षा जास्त चालतं. पण मॅडम म्हणतात, डोळे शाबूत असले तरी माझा मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. थोतांड! डावीकडे काही असतं तर मला दिसलं नसतं? उलट घरच्यांनीच छळ मांडलाय. बायको अर्धंच ताट वाढते. मी आरडाओरडा केला की ताट नुसतं फिरवते आणि त्यात आपोआप जेवण येतं. लग्नाला तीस वर्षं झाली, ही कला आधी कधी दाखवली नाही.

दुकानाची किल्ली तिच्या पर्समध्ये. "मॅडमनी कामावर जायच्या कागदावर सही केली, की देते." आणि नाही केली तर? तर तिचा भाऊ टपलेलाच आहे. "दाजी, तुम्ही आराम करा. दुकानात मी मोबाईलची कव्हरं लावतो." माझ्या आरशांसमोर कव्हरं! तो हे बोलला त्या दिवशी मी त्याला पाण्याचा तांब्या फेकून मारला. लागला नाही. तो डावीकडे सरकला होता म्हणे.

आज शेवटची परीक्षा होती. मॅडमच्या सरावाच्या खोलीत शेगडी, बेसिन, पलंग असा खोटा संसार मांडलेला असतो. आज तिथे आरशापुढे खुर्ची ठेवली होती. बायको आणि मेहुणाही सोबत आले होते.

"काका, आरशाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवलीय. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मग कात्री लावायची. दर वेळी. वस्तरा नाही. एक अख्खं डोकं कापून दाखवा, मग सहीचं बघू."

"पट्ट्या बघत केस कापायला मी काय कालचा पोरगा आहे?"

"अहो, ऐका ना त्यांचं," बायको म्हणाली आणि भावाला खुर्चीत ढकललं. तोही गालातल्या गालात हसत बसला. फुकटात पुरावा मिळतोय, कोण सोडेल?

मी पट्टीबिट्टी काही बघितली नाही. कंगवा, कात्री, कंगवा, कात्री. हात असा सुटला की तीन महिने घरी बसलो होतो हे विसरलो. दहा मिनिटांत मानेवरचं झटकून कात्री खाली ठेवली.

"झालं. करा सही."

मेहुण्यानं आरशात बघितलं आणि किंचाळला, "ताई! अर्धाच कापलाय मला!"

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पट्टी शोधा."

"नाहीये पट्टी! काढलीत तुम्ही! सगळे मिळून मला वेडा ठरवताय!"

"शोधा."

रागानं मान वळवली. आरसा संपला असं वाटलं, तरी वळवली. मान दुखायला लागली, तेव्हा कुठे ते लाल दिसलं. आणि तिथून नजर खाली आणली तर झिपऱ्या वाढवलेला एक माणूस बसलेला.

"हा कोण? मध्येच घुसला का? नंबर लावायला सांगा त्याला!"

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "तो मीच आहे."

त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी पुन्हा पट्टीपर्यंत मान वळवून खाली बघितलं, झिपऱ्या खरंच त्याच्याच होत्या. आणि मग असा संताप आला की विचारू नका. बायकोचा नाही, मेहुण्याचा नाही. चाळीस वर्षं लोकांची डोकी सांभाळली, आणि माझ्याच डोक्यानं दगा दिला!

कात्री पुन्हा उचलली. पट्टी, शिवी, कात्री. पट्टी, शिवी, कात्री. पाऊण तास लागला. मेहुणा एकदाही हलला नाही, बहुतेक भीतीनं. शेवटी मॅडमनी वाकून दोन्ही कल्ल्यांना कंगवा लावून बघितला.

"एका रेषेत आहेत."

बायकोनं डोळे पुसले. मॅडमनी कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. "रोज अर्धाच दिवस. तुमच्या डाव्या बाजूला कोणीतरी उभं पाहिजे. चालेल?"

माझ्याच दुकानात अर्धा दिवस! पण गिळलं. "चालेल."

गिऱ्हाईक उठलं की कापड झटकायचं, ही चाळीस वर्षांची सवय. मेहुण्याच्या गळ्यातलं कापड मी ओढलं आणि मोकळ्या जागेकडे जोरात झटकलं.

मोकळ्या जागेत, म्हणजे माझ्या डावीकडे, मॅडम उभ्या होत्या. सगळे केस त्यांच्या डोळ्यांत आणि तोंडात गेले. सही अजून व्हायची होती.